रेटकार्डावर सही करण्याआधी

सांगली-मिरज-कुपवाडमधल्या समस्त फोटो-व्हिडिओवाल्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या बैठकीचा निरोप मिळाला. सगळ्यांनी मिळून एकच रेटकार्ड ठरवायचं, त्यावर सह्या करायच्या आणि त्यापेक्षा कमी पैशात कुणी काम घेतलं तर त्याच्याकडून दंड वसूल करायचा, असा विषय आहे. मसुदाही वाचला. ट्रॅडिशनल म्हणजे नेहमीच्या विधींच्या शूटिंगचा दिवस इतक्याला, कॅन्डिड म्हणजे नकळत टिपलेल्या क्षणांचा इतक्याला, ड्रोन वेगळा, आणि संस्थांच्या, कारखान्यांच्या, शाळांच्या फिल्मला मिनिटाला चार हजार.

मी सही करणार नाही. बैठकीत उभं राहून सांगितलं असतं, पण आपल्या बैठकीत कुणी चार वाक्यं बोललं की चहा येतो आणि विषय भडंगाच्या पुडीत गुंडाळला जातो. म्हणून लिहून काढलं. गिऱ्हाइकांनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांनी वाचलेलं बरंच.

दुखणं काय आहे ते मला ठाऊक आहे. गेल्या हंगामात तासगावकडचं एक लग्न माझ्या हातातून गेलं. दोन दिवस, दोन कॅमेरे, हायलाइट, टीझर, अल्बम, आणि हे सगळं एका नव्या पोरानं अठरा हजारांत कबूल केलं. कॅमेरा हप्त्यावर, लेन्स मित्राची, मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, रात्री घरी बसून. मुलीच्या मामांनी मला फोन केला, "दादा, तुमचंच नाव पुढं होतं, पण एवढा फरक कसा काय हो?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. राग आला तो त्या पोराचा नव्हे, स्वतःचाच. सोळा वर्षं धंदा करून माझा आकडा कुठून आला हे मला सांगता येत नव्हतं. शेजारचा किती घेतो ते बघून त्यात हजार-दोन हजार मिळवायचे, इतकंच माझं गणित होतं. रेटकार्डही तेच करतं, फक्त सगळ्यांचं एकदम.

मिनिटाच्या दराचं तर बोलूच नका. ती खोड गिऱ्हाइकाला आपणच लावली, आणि त्यात मी पहिला.

तीन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची फिल्म माझ्याकडे आली. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये बसलो होतो. टेबलाच्या काचेखाली सुट्ट्यांची यादी आणि एका देवस्थानाचा फोटो. त्यांनी कपबशी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "तीन मिनिटांची पाहिजे. मिनिटाला कसं घेता?" कशाचं शूटिंग, किती ठिकाणी, लिहिणार कोण, आवाज कुणाचा, यातलं काहीच न विचारता मी म्हणालो, "पाच हजार." साहेबांनी कागदावर पंधरा लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं आणि म्हणाले, "आणखी दोन कोटेशन लागतात फाइलला. तुम्हीच आणा की, तुमच्या ओळखीचे असतीलच." मी आणली. ज्यांच्या लेटरहेडवर आणली ते दोघंही हे पत्र वाचतायत. हसा आता.

पुढं काय झालं ते डायरीत आहे. पहिला दिवस नुसता संस्थापकांचे जुने फोटो गोळा करण्यात गेला. अल्बमला चिकटलेले फोटो ब्लेडनं सोडवून घेतले. सहा शाखा, त्या दोन तालुक्यांत पसरलेल्या, म्हणजे शूटिंगचे तीन दिवस. चेअरमनसाहेबांच्या मुलाखतीला दोनदा जावं लागलं, कारण पहिल्या वेळी त्यांनी कोट घातला नव्हता. लिखाण मीच केलं, दीड दिवस. मिक्सिंगला साडेतीन. मग करेक्शन सुरू झाली. एका संचालकांच्या आडनावात पहिली वेलांटी हवी होती, दुसरी पडली होती. ती बदलली, तर उपाध्यक्षांचा शॉट सचिवांच्या शॉटपेक्षा कमी वेळ दिसतो अशी तक्रार आली. मी टाइमलाइनवर मोजलं. खरंच अर्धा सेकंद कमी होता. नऊ वेळा फाइल गेली-आली. एकूण अकरा दिवस गेले. हातात पंधरा हजार, तेही चौथ्या महिन्यात, दोन चेकनं. फिल्म भरली तीन मिनिटं चाळीस सेकंद. वरच्या चाळीस सेकंदांचे पैसे मी मागितले नाहीत, त्यांनी दिले नाहीत.

ते तासगावचं लग्न हातातून गेलं, त्या दिवशी मी आबांसमोर बसलो. आमच्या आबांनी कुपवाड एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर जॉबवर्क केलं. नट असो की शाफ्ट, पार्टी आली की कागदाच्या कपट्यावर पेन्सिलनं दोन ओळी लिहायचे आणि आकडा सांगायचे. मी विचारलं, तो आकडा यायचा कुठून? म्हणाले, "मशीनचा तास काढलेला असतो की. हप्ता, वीज, कामगार, टूल, शेडचं भाडं, आपला पगार, सगळं वर्षाचं मांडायचं. आणि मशीन खरोखर जेवढे तास चालतं तेवढ्यानंच भागायचं. बंद मशीनचा हप्ता काय बँक सोडते व्हय?" मग माझ्याकडे बघून, "तुझा कॅमेरा वर्षात किती दिवस चालतो?"

मला सांगता आलं नाही. दोनशे पानी वही आणली आणि रात्री बसलो.

माझे गेल्या वर्षीचे आकडे इथं उघडे मांडतो. लाजण्यासारखं त्यात काही नाही. घराला दरमहा ३५,०००, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. मिक्सिंगला बसणाऱ्या पोराचे महिना १४,०००, वर्षाचे १,६८,०००. गाळ्याचं भाडं ७२,०००. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, पेट्रोल, विमा मिळून ९६,०००. दोन कॅमेरा बॉडी, चार लेन्स, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा), माइक, लाइट आणि मिक्सिंगचा कॉम्प्युटर हे सामान ७,२०,००० चं. ते चार वर्षांत जुनं होतं असं धरलं, तर वर्षाला १,८०,०००. बेरीज ९,३६,०००.

आता दिवस. इथंच आपण सगळे फसतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. उरलेल्या महिन्यांतल्या मुहूर्तांवर सगळी सांगली एकाच दिवशी लग्न करते, आणि मी एका दिवशी एकाच मांडवात उभा राहू शकतो. डायरी चाळली. पैसे मिळाले असे शूटिंगचे दिवस ६९ आणि मिक्सिंगचे ८५. एकूण १५४. बाकीचे दिवस मी रिकामा नव्हतो. गिऱ्हाइकाकडे जाणं, लेन्स साफ करणं, उधारी मागायला हेलपाटे घालणं, फुकटच्या करेक्शन. पण त्या दिवसांचे पैसे कुणी देत नाही. ते या १५४ दिवसांतूनच निघायला हवेत.

९,३६,००० भागिले १५४. ६,०७८ रुपये. मी काही कमवण्याआधी, बचत करण्याआधी, पोरीच्या शिक्षणाला बाजूला काढण्याआधी माझा एक दिवस एवढ्याला पडतो. त्या पतसंस्थेचे अकरा दिवस या हिशेबानं ६६,८५८ चे होतात. मी पंधरात केले. म्हणजे संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला माझ्या घरानं जवळजवळ बावन्न हजारांची देणगी दिली, आणि पावतीसुद्धा मिळाली नाही.

कुणी म्हणेल, घरी बसण्यापेक्षा पंधरा हजार बरे. खरं आहे, पण कधी तेही बघायला हवं. श्रावणात माझ्याकडे काम नसेल तर मीही दर खाली आणतो; फक्त बिलात पूर्ण रक्कम लिहून खाली 'सूट' म्हणून वेगळी ओळ घालतो. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक वैशाखात आलं तर कागद बोलतो. घरच्या कामालाही तसंच. मेव्हण्याच्या मुलाच्या बारशाचं बिल पूर्ण लिहिलं आणि खाली 'मामाकडून आहेर' म्हणून शून्य केलं. मेव्हण्यानं पहिल्यांदाच विचारलं, "एवढं होतं होय हे?"

आता सांगा, रेटकार्डात माझे ६,०७८ घालणार की त्या तासगावच्या पोराचे? तो घरी राहतो, गाळा नाही, मिक्सिंगला पगारी पोरगा नाही, पोरंबाळं नाहीत. त्याचा दिवस कदाचित अडीच हजारांना पडत असेल, आणि मग अठरा हजार त्याला परवडतातही. परवडत नसतील तर ते त्याला दोन वर्षांनी कळेल, मला कळलं त्यापेक्षा लवकरच. त्याला दंड करून आपल्याला काय मिळणार? उलट ज्याच्याकडे तीन माणसं, सिनेमा कॅमेरा आणि मिरज रोडवर स्टुडिओ आहे, त्याला तुमचा मिनिटाचा चार हजार दर म्हणजे फास. मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, आणि शेजारशेजारच्या दोन ढिगांना वेगळा भाव मिळतो. राजापुरी म्हटलं की सगळी एका भावानं, असं तिथं कुणी म्हणत नाही. आपण मात्र उपाध्यक्षांच्या अर्ध्या सेकंदासकट सगळं एका पोत्यात भरायला निघालोय.

जाता जाता हेही सांगतो. एकाच धंद्यातल्या लोकांनी एकत्र येऊन भाव ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात बसतं, आणि छोट्या धंद्यांची संघटना म्हणून त्यातून सुटका नाही. ठरावावर सह्या आणि दंडाची रक्कम लिहून ठेवणं म्हणजे पुरावा आपणच तयार करणं. ज्यांच्या घरात वकील आहे त्यांनी रविवारच्या आत विचारून घ्यावं.

दर आपापला असू द्या. पण काही गोष्टी सगळ्यांनी सारख्या केल्या तर मी त्याच्यावर दोन्ही हातांनी सही करीन. त्या दराच्या नाहीत, कोटेशनच्या कागदाच्या आहेत.

पहिली म्हणजे मिनिट हा शब्द कोटेशनमधून काढायचा. दिवस लिहायचे: चर्चेचा, लिखाणाचा, शूटिंगचा, मिक्सिंगचा. गिऱ्हाईक म्हणतं, "छोटीशीच तर आहे." तीस सेकंदांची जाहिरात कधी कधी दहा मिनिटांच्या फिल्मपेक्षा जास्त रक्त पिते, हे त्याला दिवस बघितल्यावरच कळतं. माझ्या फॉर्मवर आता दोन करेक्शन धरलेल्या असतात. तिसऱ्यापासून अर्ध्या दिवसाचे पैसे, आणि नावं-आडनावं-पदं गिऱ्हाइकानं सही करून लेखी द्यायची. हे कलम घातल्यापासून वेलांट्या पहिल्याच वेळी बरोबर यायला लागल्या.

सामान आणि माणसं वेगळी लिहायची. ड्रोनचं उदाहरण घ्या. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ज्यानं ते पैसे खर्चून घेतलंय त्याचा दर, आणि वरातीत पोरांच्या डोक्यावरून बिनधास्त उडवणाऱ्याचा दर, एका ओळीत कसा लिहिणार? आपल्यातले बरेच जण कुठल्या बाजूला आहेत ते मी इथं लिहीत नाही.

मग डेटा. १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगानं, फोरके शूट केलं की एका तासाला ४५ जीबी भरतं. दोन कॅमेरे चार तास चालले तर ३६० जीबी, आणि त्याच्या दोन कॉपी हव्यात, त्याही दोन वेगळ्या ठिकाणी. वेगळ्या ठिकाणी का, हे सांगलीत तरी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. माझा गाळा तळमजल्याला होता. शटर उघडलं तेव्हा गुडघाभर गाळात कपाट आडवं पडलं होतं आणि हार्डडिस्कांचा खोका उघडून पाण्यानं भरला होता. कॉम्प्युटर गेला, लाइट गेले, त्याचं फार वाटलं नाही. पण त्यातल्या एका लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलीचे आजोबा खुर्चीत बसून अक्षता टाकताना मी घेतले होते, आणि महापुराच्या आदल्या महिन्यात ते गेले होते. फाइल द्यायची राहिली होती. त्या घरी जाऊन सांगावं लागलं. त्यांनी चहा दिला. एक शब्द बोलले नाहीत, आणि मला तो चहा आजवर उतरलेला नाही. तेव्हापासून दुसरी कॉपी विट्याला बहिणीकडे जाते आणि तिचे पैसे कोटेशनमध्ये 'साठवण, एक वर्ष' म्हणून लिहिलेले असतात. गिऱ्हाईक विचारतं हे काय, तर मी बोटानं भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवतो. गाळा अजून तोच आहे.

मालकीचंही बोलायला हवं, कारण हे आपल्यातल्या फारच थोड्यांना माहीत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करून घेणारा असतो. आपण नव्हे. म्हणजे आपण फिल्म देतो तेव्हा ती नुसती दाखवायला देत नाही, विकतो. एखाद्या शाळेच्या गॅदरिंगची फिल्म पालक दोनदा बघतील. तेवढ्याच दिवसांची बेदाण्याच्या व्यापाऱ्याची जाहिरात चार राज्यांत दोन वर्षं फिरेल आणि माल खपवेल. माझ्या दिवसाची किंमत दोन्हीकडे सारखीच, ती खालची मर्यादा. वर किती जायचं ते ही फिल्म त्याच्यासाठी काय करणार आहे त्यावर. मी हल्ली विचारतो, "कुठं दाखवणार? किती दिवस?" पहिल्यांदा विचारताना जीभ जड झाली होती. व्यापारी मात्र शांतपणे उत्तर देतो. त्याच्या धंद्यात हा प्रश्न रोजचाच आहे. आपला डेमो म्हणून फिल्म दाखवायची परवानगीही त्याच कागदावर एका ओळीत घ्या, नाहीतर स्वतःचंच काम चोरून दाखवावं लागतं.

आणि उधारी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, आणि आपल्यातल्या निम्म्यांनी केलेली नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ मध्ये आयकर कायदाही बदलला: आपल्यासारख्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल कंपनीनं या मुदतीत दिलं नाही, तर ते देईपर्यंत तिला तो खर्च म्हणून धरता येत नाही. पैसे मागायला मी आता व्याजाचं नाव काढत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या सीएला फोन करून उद्यम नंबर सांगतो. कुपवाडच्या एका कारखान्यानं आठ महिने अडवलेलं बिल असंच सुटलं. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा, भांडण झाल्यावर नको. जीएसटीचं ज्याचं त्यानं बघावं. वीस लाखांच्या वर उलाढाल गेली की अठरा टक्के लागणार, आणि ज्याला लागतो त्याचं कोटेशन ज्याला लागत नाही त्याच्यापेक्षा वर दिसणारच.

निम्मा अ‍ॅडव्हान्स, तारीख त्याशिवाय पक्की नाही. हे लग्नात आपण पाळतो, संस्थांपुढं मात्र आपली मान आपोआप वाकते. "संस्था कुठं पळून जाते काय?" संस्था पळत नाही, मॅनेजर बदलतो.

मी आता दिवसाला नऊ हजार सांगतो. बाहेरून घेतलेला माणूस आणि भाड्याचं सामान वेगळं. हे सुरू केलं तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. त्यातलं एक दहा वर्षांचं होतं, दरवर्षी दिवाळीला फराळाचा डबा यायचा तिथून. डबाही बंद झाला. खोटं कशाला बोलू, त्या महिन्यात घरात दोनदा विषय निघाला की जुनाच दर लावूया का. मग एक इंजिनिअरिंगवाले आले, दिवसांचा कागद वाचला आणि म्हणाले, "आमच्या मशीन अवरसारखंच आहे की हे." घासाघीस झालीच, पण दिवसांवर झाली. "शूटिंगचे दोन दिवस एकात बसवता येतील का?" बसवले. त्यांचे पैसे वाचले, माझा दर तसाच राहिला.

तासगावचा तो पोरगाही रविवारी येणार आहे असं ऐकतो. त्याला मी वही घेऊन बोलावलंय.

बैठक अकराला आहे. माझं त्या दिवशी हरिपूरला साखरपुड्याचं काम आहे, संगमावर जोडप्याचे दोन शॉट घेतले की सुटतो, म्हणजे दीड वाजेल. येताना माझ्या कोटेशनच्या फॉर्मच्या पन्नास झेरॉक्स आणि त्या पतसंस्थेच्या डायरीची पानं आणतो, नाव खोडून. तोवर ठरावावर सह्या घेऊ नका, आणि भडंग थोडं ठेवा.

आपला,
गणपती पेठेजवळचा, भिंतीवर पुराची रेघ असलेला
व्हिडिओवाला